भाडं घेणाऱ्यानं जिना चढावा

(एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘परवडणारी भाड्याची घरं : कायदा आणि उपाय’. कायद्यावर मी येणार आहे, उपायही सांगणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट मनात बरीच वर्षं घोळतेय, ती इथे बोलून घेते, कारण समोर गिरगाव, लालबाग, परळची मंडळी बरीच दिसताहेत. चाळ म्हणजे काय, सामायिक मोरी म्हणजे काय, सकाळी पाणी जायच्या आत काय काय उरकावं लागतं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

माझं म्हणणं असं आहे. स्वस्त भाड्याच्या घरात भाडं घेणारा आणि दुरुस्ती बघणारा माणूस एकच असला पाहिजे, आणि त्यानं दर महिन्याला जिना चढून दारापर्यंत गेलं पाहिजे. घरं बांधायला सरकार लागतं, पैसा लागतो, जमीन लागते. पण बांधलेलं घर पन्नास वर्षांनी राहण्याजोगं राहतं की नाही, हे या एका माणसावर ठरतं.

मी एका धर्मादाय ट्रस्टच्या चाळींचं व्यवस्थापन बघत असे. ट्रस्टचं नाव घेत नाही, कारण पुढे थोडं कडवट बोलायचंय. तळमजला अधिक तीन, लाकडी सांगाडा, वर मंगलोरी कौलं. माझ्याआधी पद्धत अशी की महिन्याच्या सुरुवातीला मेहताजी तळमजल्याच्या खोलीत टेबल टाकून बसायचे आणि बिऱ्हाडकरूंनी खाली येऊन भाडं द्यायचं. माणूस सचोटीचा, हिशोब चोख. पण वरच्या मजल्यावर ते कधी गेले होते हे कुणालाच आठवत नव्हतं. मी पावतीपुस्तक घेऊन वर जायला लागले तेव्हा पहिले काही महिने लोक दचकायचे. मालकाकडचं माणूस दारात आलं म्हणजे खोली खाली करायला सांगणार, अशीच समजूत.

तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहायच्या. यजमान गिरणीत होते, ते जाऊन बराच काळ लोटला होता, तरी पावती त्यांच्याच नावानं फाटत होती. आजींचं भाडं एक तारखेला, रुमालात बांधलेलं, सुट्या पैशांसकट. तक्रार कधीच नाही. मेहताजी मला म्हणाले होते, ‘ती खोली सोन्यासारखी आहे, तिकडे बघायलाच नको.’ मी उंबऱ्यावर बसून पावती लिहीत होते आणि कपाटावर मला एक पातेलं दिसलं. त्याच्या शेजारी दुसरं, आणि भिंतीशी एक परात. जून महिना, पाऊस नुकताच लागलेला. ‘आजी, कपाटावर भांडी कशाला?’ म्हटलं. तर म्हणाल्या, ‘काही नाही ग, थोडं ठिबकतं.’ मी स्टुलावर चढून बघितलं. बाहेरची पन्हळ फुटलेली, तिचं पाणी भिंतीत मुरत होतं आणि तुळईचं टोक जिथे भिंतीत बसतं तिथेच नेमकं साचत होतं. हातातलं पेन तुळईला टोचलं, ते लाकडात अर्धं आत गेलं. त्या तुळईवर छप्पर, आणि छपराखाली या आजी आणि त्यांची शाळेत जाणारी नात.

मी विचारलं, ‘सांगितलं का नाहीत?’ त्यांनी दिलेलं उत्तर मला आजही जसंच्या तसं आठवतं. ‘ताई, एवढ्याशा भाड्यात राहतो. त्यात आणखी तक्रार कुठल्या तोंडानं करायची?’

माझ्या मते सगळा विषय इथे आहे. भाडं कमी असलं की भाडेकरूला आपण कुणाच्या तरी उपकारात राहतोय असं वाटायला लागतं. मालकालाही तसंच वाटतं. मग गळती सांगणं हा आगाऊपणा ठरतो, न सांगणारा भाडेकरू गुणी ठरतो, आणि तुळई सडत राहते. बाजारभावानं भाडं देणारा माणूस गिझर बिघडला तर रात्री फोन करतो. स्वस्त भाडं देणाऱ्यालाही तोच हक्क आहे, आणि तो त्यानं मागण्याआधी आपण दारात जाऊन त्याच्या हाती ठेवला पाहिजे. सन्मान म्हणजे मी एवढंच समजते. हात जोडून बोलणं त्यानंतर.

त्या तुळईचं काम फार मोठं नव्हतं. टेकू लावून भार घेतला, सडलेला तेवढा भाग कापला, दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल बोल्टांनी आवळले, पन्हळ नवी बसवली. चांगला सुतार आणि चांगला गवंडी असला की हे काम पावसाच्या उघडिपीतही उरकतं. मोठं झालं ते ट्रस्टच्या समितीपुढचं भांडण. एक सभासद म्हणाले, ‘पुनर्विकास होणारच आहे, आता कशाला खर्च करायचा?’

हे वाक्य, मंडळी, मुंबईत किती इमारतींच्या मुळावर आलंय! पुनर्विकास होणारच आहे, म्हणून कौलं शाकारायची नाहीत. होणारच आहे, म्हणून ड्रेनेजचा फुटलेला पाईप गोणपाट बांधून चालवायचा. होणारच आहे, म्हणून जिन्याची तुटलेली पायरी तशीच. मग विकासक बदलतो, कोर्टात दावा लागतो, भाडेकरूंत दोन तट पडतात, आणि दहा-पंधरा वर्षं निघून जातात. त्या काळात त्या पायरीवरून शाळेत जायला लागलेलं पोर कॉलेजात जातं. आमच्या शेजारच्या इमारतीच्या गॅलरीत तात्पुरते म्हणून लावलेले टेकू मी बघितलेत. त्यांना कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधल्या, गणपतीत माळा सोडल्या, मुलांच्या उंचीच्या खुणा त्यांच्यावर केल्या. एका वहिनींनी तर हळदीकुंकवाला टेकूलाही रांगोळी काढली. आपण हसतो, आणि हसावं. माणसं अशीच जगतात आणि घर सजवतात. पण ज्याच्यावर छताची जबाबदारी आहे त्याला त्या टेकूची सवय व्हायला नको होती.

समितीनं शेवटी पैसे दिले. मी एक वही मात्र मागून घेतली. तक्रारवही सगळ्या कचेऱ्यांत असते. आमच्या वहीत रकाने असे होते : तारीख, खोली, काय झालं, कोण बघायला गेलं, काम कधी झालं, आणि शेवटचा रकाना भाडेकरूच्या सहीचा. नळ दुरुस्त झाला हे प्लंबरनं ठरवायचं नाही, मीही नाही. ज्याच्या मोरीत तो नळ आहे त्यानं सही केली की काम झालं. गवंडी आधी कुरकुरले. पुढे तेच काम संपलं की वही घेऊन दारात उभे राहायला लागले.

आणखी दोन गोष्टी आम्ही बदलल्या. थकबाकीदारांची नावं जिन्याखालच्या फळ्यावर लिहीत असत, ते बंद केलं. भाडं थकलं तर दार लोटून घेऊन, हळू आवाजात विचारायचं. आणि रात्रपाळी करणाऱ्यांच्या खोल्यांवर दुपारी थाप मारायची नाही. आजींची पावतीही त्यांच्या नावावर केली. यासाठी मालक लोक पैसे मागतात, भाडेकरू घाबरून देतात. पण मूळ भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी सोबत राहत असलेल्या कुटुंबीयाला कायदाच भाडेकरू मानतो. यात उपकार कुणाचाच नाही.

हा विचार माझा एकटीचा नाही, आणि नवाही नाही. ऑक्टेव्हिया हिल या बाईंनी १८६५ साली लंडनच्या मॅरिलबोन भागातल्या पॅराडाईज प्लेस नावाच्या गल्लीत, गरिबांनी गच्च भरलेली, पडायला आलेली तीन घरं चालवायला घेतली. पैसे लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी घातले, आणि गुंतवणुकीवर पाच टक्के परतावा द्यायचं ठरलं. दान नव्हे, व्यवहार. बाई स्वतः दर आठवड्याला दारोदार जाऊन भाडं घेत. दुरुस्तीसाठी रक्कम ठरवून बाजूला काढलेली असे, आणि तिच्यातून जे उरेल ते कशावर खर्चायचं हे भाडेकरूंनी सांगायचं. मोडतोड कमी केली तर उरलेल्या पैशात आपल्याला हवी ती सोय करून मिळते, हे लोकांना उपदेशाशिवाय कळलं. हाताला काम नसलेल्या भाडेकरूंना त्या डागडुजीचं काम देत. पुढे त्यांनी अनेक बायकांना हे काम शिकवलं, आणि घरांचं व्यवस्थापन हा बायकांचा व्यवसाय झाला.

त्यांचं सगळंच मला पटत नाही. भाडेकरूनं कसं राहावं, कसं वागावं, यात त्या फार शिरत. भाडं थकलं तर कठोर होत. दारात जाणं आणि घरात डोकावणं यात फरक आहे, आणि तो सांभाळता आला पाहिजे. मी उंबऱ्यावर बसायचे, आत या म्हटल्याशिवाय आत जायचे नाही. केंद्राच्या २०२१ च्या नमुना भाडेकरू कायद्यात मालकानं घरात यायच्या चोवीस तास आधी कळवावं, आणि सूर्योदयाआधी व सूर्यास्तानंतर येऊ नये, असं म्हटलंय. ते मला फार आवडतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं राहिलीत, आणि पत्रिकेवरचा विषय अजून पुरा व्हायचाय, तेव्हा भरभर सांगते.

आपल्याकडे भाडं आणि दुरुस्ती यांची ताटातूट कशी झाली? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. युद्धानंतर माणसं रस्त्यावर येऊ नयेत म्हणून ते गरजेचंच होतं, आणि त्यामुळे लाखो कुटुंबं या शहरात टिकली, हे मी कधीच नाकारणार नाही. पण ते गोठलेलं भाडं तसंच राहिलं. मालकानं वर चढणं सोडलं, घराची खरी किंमत पागडीत, म्हणजे खोली घेताना भाड्याशिवाय मोजायच्या रकमेत, फिरू लागली, आणि पागडीतला पैसा काही तुळईपर्यंत पोचला नाही. इमारती पडायला लागल्यावर १९६९ च्या कायद्यानं उपकर लावला आणि दुरुस्तीसाठी सरकारी मंडळ नेमलं. तेव्हा अशा इमारती साडेएकोणीस हजारांहून जास्त होत्या. मंडळानं पुष्कळ इमारती उभ्या ठेवल्या. पण आता पावती एकाची आणि तक्रार दुसऱ्याकडे. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला चार टक्के वाढ आहे. साठ रुपये भाडं पंचवीस वर्षांत चक्रवाढीनं धरलं तरी एकशे साठ होतं. त्यात एक पन्हळ येत नाही. त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमात घर दुरुस्त ठेवणं हे मालकाचं कर्तव्य म्हटलंय. मालकानं नोटीस देऊनही केलं नाही तर भाडेकरूनं करून घ्यावं आणि खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. म्हणजे साठ रुपयांच्या खोलीला वर्षाचे एकशे ऐंशी रुपये.

आणि मालक सरकारी असला की आपोआप काळजी घेतली जाते, असंही नाही. २७ सप्टेंबर २०१३ ला डॉकयार्ड रोडला पडलेली इमारत महापालिकेच्याच मालकीची होती, तिथे महापालिकेचे कर्मचारी राहत होते. ६१ माणसं गेली.

आता उपाय. भाडं इतकं असावं की त्यातून इमारतीची देखभाल निघेल, आणि ज्याला ते झेपत नाही त्याचा फरक सरकारनं भरावा. छपरानं भरू नये. दुरुस्तीचा निधी स्वतंत्र खात्यात असावा आणि त्याचा हिशोब जिन्याखाली लागलेला असावा. थकबाकीदारांची नावं काढली त्या फळ्यावर जागा आहेच. प्रत्येक इमारतीला तिथेच राहणारा एक पगारी माणूस असावा, ज्याला फ्यूज आणि वॉशर बदलता येतो आणि मोठं काम कुणाला सांगायचं हे माहीत आहे.

शेवटचा मुद्दा बीडीडी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या चाळींचा. १९२० च्या दशकात सरकारनं बांधलेल्या २०७ इमारती : वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. १६० चौरस फुटांच्या खोल्या. शिवडी सोडून बाकी तीन ठिकाणच्या कुटुंबांना आता ५०० चौरस फुटांची मालकीची घरं मिळताहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या दिल्या. शंभर वर्षं ज्यांनी त्या खोल्यांत काढली त्यांचा तो हक्कच आहे, मला मनापासून आनंद आहे. पण सरकारच्या मालकीची, गिरणगावाच्या मधोमध असलेली भाड्याची घरं त्यासोबत संपताहेत. आज गावाकडून येणारी नर्स, डिलिव्हरी करणारा मुलगा, इथे रात्रपाळीला येणारा सुरक्षारक्षक, यांनी भाड्यानं कुठे राहायचं? या प्रत्येक प्रकल्पात विक्रीच्या इमारती उभ्या राहणार आहेत. त्यांतली एक इमारत सरकारनं आपल्याकडे ठेवावी, ती भाड्यानं द्यावी, आणि पहिलं बिऱ्हाड आत येण्याआधी तिची पावती कोण फाडणार आणि तक्रारवही कुणाच्या हातात राहणार, हे नाव लिहून ठरवावं. या मागणीचं निवेदन बाहेरच्या टेबलावर ठेवलंय. ज्यांना पटलं असेल त्यांनी जाताना सही करावी.