रिकाम्या दिवसाची नोंद

नमस्कार मंडळी. सोलापुरात बसून दूरच्या बेटांवरच्या पक्षीनोंदींबद्दल बोलायचं, हे कुणाला आडवळणाचं वाटेल. पण समोर बसलेल्यांपैकी बरेच जण नान्नजच्या माळावर दुर्बीण लावून उन्हात उभे राहिलेले आहेत. भोवती शेतं, मध्ये गवताळ माळ. माळढोकाच्या दृष्टीनं तेही बेटच. सकाळभर फिरून माळढोक दिसला नाही, तर घरी येऊन वहीत आपण काय लिहितो? बहुधा काहीच नाही. मला बोलायचंय ते त्या कोऱ्या पानाबद्दल.

न्यूझीलंडच्या दोन मोठ्या बेटांमधल्या सामुद्रधुनीत स्टीफन्स नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम दीड चौरस किलोमीटर. १८९४ मध्ये तिथं दीपगृह सुरू झालं. दिवा राखणारी माणसं आली आणि मांजरंही आली. सहायक दीपपाल डेव्हिड लायल याला पक्ष्यांचा नाद होता. मांजरानं तोंडात धरून आणलेले चिमणीपेक्षाही लहान, आखूड शेपटीचे पक्षी त्यानं फेकून दिले नाहीत, जपून ठेवले. ती रेन नावाच्या इवल्या पक्ष्याची न उडणारी जात होती. जिवंत पक्षी त्याला अगदी क्वचित दिसला, तोही उंदरासारखा खडकांत पळताना. नमुने समुद्रापार गेले. न्यूझीलंडचे पक्षीतज्ज्ञ वॉल्टर बुलर आणि इंग्लंडमधले धनाढ्य संग्राहक लॉर्ड रॉथशिल्ड यांच्यात पक्ष्याला नाव देण्याची चुरस लागली. रॉथशिल्डनी बाजी मारली, आणि लायलचं नाव पक्ष्याला कायमचं चिकटलं. १८९५ च्या मार्चमध्ये न्यूझीलंडच्या वर्तमानपत्रात छापून आलं की पक्षी संपलेला दिसतो.

पुढे शंभर वर्षं जगभर सांगितलं गेलं की एका मांजरानं एक अख्खी जात संपवली. गोष्ट सांगायला सोपी, म्हणून टिकली. २००४ मध्ये गॅलब्रेथ आणि ब्राउन या दोन अभ्यासकांनी जुने कागद पुन्हा तपासले, तेव्हा चित्र बदललं. बेटावर मांजरं एकापेक्षा जास्त होती, रानटी झालेली होती, आणि शेवटचा पक्षी नेमका कधी गेला हे ठामपणे ठरवता येत नाही. का येत नाही? मांजरानं पक्षी आणला त्याचा नमुना राहिला. मांजर रिकाम्या तोंडानं परत आलं ते दिवस कुणी लिहिलेच नाहीत. बेट एवढं लहान, माणसं रोज तिथंच राहणारी. रोज एक ओळ लिहिली असती, ‘आज नाही’, तर आज आपल्याकडे तारीख असती. याची मला खरंच हळहळ वाटते.

आता उलट उदाहरण, आपल्याच देशातलं. निकोबारचा मेगापोड हा कोंबडीसारखा जमिनीवर वावरणारा पक्षी. तो किनाऱ्याजवळ वाळू-पाचोळ्याचा ढीग रचतो आणि त्यात अंडी पुरतो. पाचोळा कुजतो, त्याच्या उबेवर पिल्लं वाढतात. पक्षी दाट झाडीत लपतो, ढीग लपत नाही, म्हणून मोजायचे ते ढीग. १९९० च्या दशकात बेटाबेटावर चालून वापरातले ढीग मोजले गेले होते. २००४ च्या सुनामीनंतर पुन्हा मोजणी झाली, तेव्हा सुमारे ७० टक्के घट दिसली. ‘खूप कमी झाले’ याऐवजी आकडा सांगता आला, कारण आधी कुणीतरी किती किनारा चालला आणि कुठे एकही ढीग नव्हता, हेही टिपून ठेवलं होतं.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. ‘नोंद कशी करावी’ हा जाहीर केलेला विषय तर आत्ता सुरू होतोय! भराभर सांगतो.

वही लहान, जाड पुठ्ठ्याची. पेन्सिल एचबी. खाऱ्या तुषारांनी शाई पसरते. शेंगाचटणीचा डबा आणि वही एका पिशवीत ठेवू नका, तेलकट पानावर पेन्सिल उमटत नाही. बेटावर उतरल्या उतरल्या पहिली ओळ: तारीख, सुरुवातीची वेळ, जीपीएसचे आकडे, किती जण पाहतायत, वारा, उजेड. परत फिरताना शेवटची वेळ आणि चाललेलं अंतर. या दोन ओळी नसतील तर पक्ष्यांच्या यादीला वजन नाही. ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, ‘पूर्ण यादी आहे का’ असं विचारतात, त्याला ‘हो’ तेव्हाच म्हणा जेव्हा ओळखता आलेला प्रत्येक पक्षी, अगदी कावळासुद्धा, यादीत आहे. तसं असेल तरच ‘यादीत नाही’चा अर्थ ‘आढळला नाही’ असा लावता येतो. आकड्याच्या जागी फुली मारू नका, अंदाज लिहा. समुद्रातून जाताना दर तासाला नवी यादी करा.

कॅमेऱ्याचं घड्याळ हा सगळ्यात मोठा घोटाळा. निघण्याआधी त्याच कॅमेऱ्यानं मोबाइलच्या जीपीएस पडद्यावरच्या वेळेचा एक फोटो काढा, मग घड्याळ चुकलेलं असलं तरी फरक नंतर वजा करता येतो. धूसर फोटो पुसू नका. ब्रायडल्ड आणि सूटी सुरय हे दोन समुद्रपक्षी दुरून सारखेच दिसतात. ब्रायडल्डच्या कपाळाची पांढरी पट्टी डोळ्याच्या मागेपर्यंत जाते आणि पाठ राखाडी-तपकिरी असते. सूटीची पट्टी डोळ्यापाशीच थांबते आणि पाठ काळी असते. वाईट फोटोतही हे दिसतं. आधी वहीत काय दिसलं ते लिहा, पुस्तक नंतर उघडा, नाहीतर पुस्तकातलंच चित्र वहीत उतरतं.

लक्षद्वीपचं पिट्टी बेट किंवा वेंगुर्ल्याजवळचे खडक अशा वीण चालू असलेल्या जागी भर दुपारी उतरू नका. पक्षी उठले की उघडी अंडी उन्हात भाजतात. शक्य असेल तर होडीतूनच मोजा: दहाचा एक गठ्ठा नजरेत बसवा, मग तसे गठ्ठे मोजत जा. घरटी आणि उडते पक्षी वेगळे लिहा.

आणि वहीची पानं त्याच रात्री मोबाइलवर टिपा. होडी उलटली तर वही जाते. ज्या पानावर फक्त वेळ, जागा आणि ‘काही नाही’ एवढंच आहे, त्याचाही फोटो काढा.