तुळई आधी, नकाशा मागून: पेंटॅगॉनच्या बांधकामाची गोष्ट

(पडद्यावर: पोटोमॅक नदीकाठ, जुनी कृष्णधवल चित्रफीत)

१७ जुलै १९४१, गुरुवार. अमेरिकन लष्कराच्या बांधकाम विभागाचे प्रमुख ब्रेहॉन सॉमरवेल संध्याकाळी आपल्या माणसांना बोलावतात. वॉशिंग्टनभर विखुरलेलं युद्ध खातं एका छताखाली आणायचंय. चाळीस हजार माणसं मावली पाहिजेत, इमारत चार मजल्यांपेक्षा उंच न्यायची नाही, आणि कच्चा आराखडा सोमवारी सकाळी टेबलावर हवा.

‘सरकारी काम, बारा महिने थांब’ हे या गृहस्थांना कुणी सांगितलंच नसावं.

पहिली जागा पाच रस्त्यांच्या बेचक्यात होती, म्हणून इमारत पंचकोनी आखली. पुढे आर्लिंग्टन दफनभूमीसमोरचा देखावा बिघडतो अशी ओरड झाली, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जागा बदलायला लावली. जागा गेली, पंचकोन मात्र राहिला. नव्या जागी जुना विमानतळ होता आणि सखल, दलदलीची जमीन.

११ सप्टेंबर १९४१ रोजी काम सुरू झालं. मुख्य कंत्राटदार फिलाडेल्फियाचे जॉन मॅकशेन, जोडीला व्हर्जिनियाच्या दोन कंपन्या. पायासाठी जमिनीत ४१ हजारांवर काँक्रीटचे पाइल, म्हणजे खोल रोवलेले खांब, गेले. पोटोमॅकच्या तळातून ६ लाख ८० हजार टन वाळू आणि खडी उपसली. रात्री दिवे लावून पाळ्या चालत. पोलाद युद्धासाठी हवं, म्हणून माणसांसाठी लिफ्ट कमीत कमी ठेवल्या आणि मजल्यांना काँक्रीटचे उतार जोडले.

(पडद्यावर: हँगरमध्ये रांगेने बसलेले आरेखक)

आता हे हँगर, म्हणजे विमानं ठेवायची शेड, पाहा. इथे शेकडो आरेखक नकाशे काढताहेत आणि बाहेर गवंडी त्यांच्या पुढे पळताहेत. तेव्हाचा एक किस्सा आजही सांगतात. एका वास्तुरचनाकाराने शेजाऱ्याला विचारलं, तिसऱ्या मजल्यावरची ती तुळई केवढी धरू? उत्तर आलं, काय माहीत, ती तर कालच बसवली.

इतर कुठल्याही कामावर अशा वेळी कंत्राटदार हात वर करतो. नकाशा नाही, मग काम बंद आणि नुकसानभरपाईचा दावा चालू. इथे तसं झालं नाही, कारण करारच वेगळा होता. खर्च होईल तो सरकार देणार आणि कंत्राटदाराला आधी ठरलेली एकच फी. काम लांबवून त्याला जास्तीचा पैसाही मिळणार नव्हता. एप्रिल १९४२ मध्ये पहिले कर्मचारी आत बसले, तेव्हा शेजारच्या भागात अजून हातोडे चालू होते. सोळा महिन्यांत इमारत पुरी झाली.

पण या कराराला खर्चाचा लगाम नव्हता. काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, सांगितले होते साडेतीन कोटी डॉलर. रस्ते, वाहनतळ सगळं धरून आकडा गेला आठ कोटी तीस लाखांवर. हे कौतुकाच्या भरात विसरलं जातं.

(पडद्यावर: १९८० च्या दशकातलं एक धरण)

युद्ध संपलं आणि नेहमीचा कारभार परत आला. निविदा काढा, सर्वांत स्वस्त तो निवडा, मग दोघांनी आपापले वकील सांभाळा. १९८० च्या दशकाअखेरीस लष्कराच्याच अभियंता दलाला कोर्टकज्ज्यांचा कंटाळा आला. अलाबामातल्या ऑलिव्हर जलपाश-धरणाच्या (जलपाश म्हणजे पाण्याची पातळी वरखाली करून जहाजं पलीकडे नेणारी कोठी) कामावर त्यांनी ‘पार्टनरिंग’ करून पाहिलं. कामाच्या आधी सरकारी अभियंते आणि कंत्राटदाराची माणसं एका खोलीत बसतात. मध्ये एक त्रयस्थ असतो. उद्दिष्टं कागदावर उतरतात, सगळे सह्या करतात. यातला खरा उपयोगी भाग पुढचा: वाद आला तर तो साइटवरच्या दोघांनी ठरलेल्या मुदतीत मिटवायचा, नाही मिटला तर लगेच वरच्या पायरीवर. फाइल दाबून ठेवता येत नाही.

सह्यांचा कागद कुणीही फ्रेम करून लावतो. प्रश्न पैशाचा असतो.

(पडद्यावर: सप्टेंबर २००१, पेंटॅगॉनची पश्चिम बाजू)

११ सप्टेंबर २००१. पेंटॅगॉनचं नूतनीकरण तेव्हा पाच पट्ट्यांत, म्हणजे इमारतीच्या पाच भागांत, करायचं ठरलेलं. अतिरेक्यांनी पळवलेलं विमान आदळलं ते काम जवळजवळ संपलेल्या पहिल्या पट्ट्यात. नव्या पोलादी खांबांनी आणि जाड काचांनी अनेकांचे जीव वाचवले. तरी १८४ माणसं गेली. नूतनीकरणाचे प्रमुख ली एव्ही यांनी वर्ष भरायच्या आत बाहेरच्या वलयात (इमारत एकात एक अशा वलयांची आहे) माणसं परत बसवायचं ठरवलं. साइटवर उलटं मोजणारं एक मोठं घड्याळ लागलं. पाडकाम महिनाभरात उरकलं. संरचना अभियंते साइटवरच्या केबिनमध्ये नकाशे काढत होते आणि बांधणारे हाकेच्या अंतरावर होते. १५ ऑगस्ट २००२ ला लोक परतले.

यावरून पार्टनरिंग यशस्वी झालं म्हणणं मात्र घाईचं. देश शोकात असताना बिलावरून हुज्जत कोण घालणार?

खरी परीक्षा होती उरलेल्या चार पट्ट्यांची. हल्ल्याच्याच आठवड्यात ते काम हेन्सेल फेल्प्स कंपनीला मिळालं. आराखडा आणि बांधकाम दोन्ही एकाच हाती. किमतीचं लक्ष्य ठरलेलं, बचत झाली तर सरकार आणि कंपनी दोघांची, खर्च जास्त झाला तर चटकाही दोघांना. शिवाय नफ्याचा मोठा हिस्सा ठरावीक काळाने काम तपासून, सहकार्य कसं आहे हे पाहून मिळणार.

इमारत चालूच होती, सेनाधिकारी शेजारी बसलेले. म्हणून जागेचे सुमारे दहा हजार चौरस फुटांचे तुकडे पाडले. एका गटाने पाच दिवसांत आपलं काम संपवायचं आणि सोमवारी पुढच्या तुकड्यात जायचं. नळवाले हलले की विजेवाले, मग भिंतीवाले, मग रंगवाले. एकाने उशीर केला तर मागचे सगळे अडणार, त्यामुळे कुरबूर त्याच दिवशी मिटवावी लागे. असं एकेक तुकडा पुढे सरकत २०११ मध्ये शेवटचा पट्टा हाती आला.