खाडीत सोडलेलं खाडीतच फिरतं

मंडळी, विषय थोडा संकोचाचा आहे, पण शिडाची होडी घेऊन दोन रात्री बाहेर राहणाऱ्या कुणालाच तो टळत नाही. होडीवरच्या पोर्टेबल टॉयलेटची टाकी भरली, की ती रिकामी कुठे करायची?

पुष्कळ जण म्हणतात, एवढा दर्या आहे, द्या ओतून. पण आपण मुक्काम दर्यात करत नाही. जयगड, दाभोळ, बाणकोट, विजयदुर्ग, कुठेही जा, नांगर पडतो तो खाडीत, आडोशाला. तिथे ओहोटीला सोडलेलं सहा तासांनी भरती परत आत आणते. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत तर पाणी फार खेळतच नाही. आणि त्याच पाण्यात खडकाला कालवं धरलेली असतात, रेतीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, असतात. हे जीव पाणी गाळून जगतात, त्यामुळे मैल्यातले विषाणू त्यांच्या अंगात साठतात. काविळीचा एक प्रकार अशाच कालवांतून माणसाला होतो. सकाळी ओहोटीला वाकून कालवं काढणारी बाई संध्याकाळी ती आपल्याच दारात विकायला आणते, हे लक्षात ठेवा.

‘मारपोल’ या, जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचं मैल्याबद्दलचं परिशिष्ट २००३ साली लागू झालं. प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, म्हणजे साधारण २२ किलोमीटरवर, तोही जहाज किमान ४ नॉटने (ताशी ४ सागरी मैल) चालत असताना सोडायचा. हा नियम ४०० टनांच्या वरच्या किंवा १५ हून जास्त माणसं नेणाऱ्या जहाजांसाठी आहे. आपली वीस-बावीस फुटी होडी त्यात बसत नाही, पण खाडी तीच आहे. एवढ्या लांब आपण जात नाही, तर टाकी किनाऱ्यावरच आणली पाहिजे.

आणायची कशी, यात खरी मेहनत आहे. २० लिटरची भरलेली टाकी वीस किलोच्या वर जाते. ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, शेवाळाने बुळबुळीत. एकदा मी तिसऱ्या पायरीवर घसरलो. टाकी सोडली नाही, गुडघा मात्र फुटला. तेव्हापासून १० लिटरचीच टाकी वापरतो, आणि धक्क्याला लागतो ते भरतीला, दोनच पायऱ्या चढायच्या राहतात तेव्हा. पुरुषांनी लघवीसाठी वेगळा डबा ठेवला, तर छोटी टाकीही दोन दिवस पुरते.

उन्हात टाकीत वायू कोंडतो. म्हणून बैठकीचं झाकण बंद ठेवूनच भांडं आणि टाकी यांच्यामधली सरकती झडप हळू उघडा, दाब निघून जाऊ दे. ओतताना आधी तोंड खाली करा, मग हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरा. नाहीतर गटगट करून उसळतं आणि शिंतोडे अंगावर येतात.

ओतायचं ते संडासात, ज्याचा असेल त्याला विचारून, मागून दोन बादल्या पाणी टाकून. सुरूच्या बनात खड्डा खणू नका, आणि गावात जांभ्याच्या जमिनीत तर नकोच. जांभा पाणी झिरपू देतो आणि विहीर त्याच परसात असते. टाकीत फॉर्मल्डिहाइडचं औषधही घालू नका. मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात आणि ज्याने उपकार केले त्याचीच सेप्टिक टँक बिघडते. एन्झाइमचं औषध मिळतं, ते घ्या.

पावसाळ्याआधी होडी वर ओढली, की टाकी धुऊन सावलीत वाळवा आणि झडप किंचित उघडी ठेवा, म्हणजे रबर चिकटणार नाही. रबराला खोबरेल लावू नका, त्याने गळती लागते. सिलिकॉन लावा.