भाज्याची लेणी पावसात पाहावीत

नमस्कार श्रोतेहो,

आषाढ सरत आलाय. मावळात भाताची लावणी उरकत आली असेल आणि कड्याकड्यांवरून पांढऱ्या धारा उतरू लागल्या असतील. या दिवसांत पुण्यात काय आणि मुंबईत काय, घरोघरी एकच विषय असतो, रविवारी धबधब्याला जायचं का? आज मी तुम्हाला अशा जागी नेणार आहे, जिथे पुण्याहून सकाळी निघालात तर दुपारच्या चहाला घरी परत याल, आणि मधल्या वेळात एकाच डोंगराच्या कुशीत बावीसशे वर्षांपूर्वीची लेणीही पाहाल आणि धबधबाही. मावळातलं भाजे.

नाव तुमच्या ओळखीचं असणार. पण भाज्याला येणाऱ्यांचे दोन तट पडलेले मी वर्षानुवर्षं बघते आहे. एक तट धबधब्याचा. ही मंडळी गावाजवळच्या धारेखाली मनसोक्त भिजतात, गरम मक्याचं कणीस खातात आणि लेण्यांच्या पायऱ्या बघून परत फिरतात. दुसरा तट लेणी बघणाऱ्यांचा. पावसाळ्यात शेवाळ, चिखल आणि गर्दी, त्यापेक्षा डिसेंबरात निवांत जाऊ, असं त्यांचं म्हणणं. मी स्वतः या दुसऱ्या तटातली. पहिल्या चार-पाच खेपा मी थंडीतच केल्या. खांब मोजले, स्तूप मोजले, वहीत टिपणं केली, आणि भाजे पाहून झालं असं समजून बसले.

मग एका जुलैत माझी आत्या बरोबर आली. तिचं सगळं आयुष्य भाताच्या खाचरांत गेलेलं. मी तिला चैत्यगृहापुढे, म्हणजे भिक्खूंच्या प्रार्थनेच्या दालनापुढे उभं केलं आणि कमानीबद्दल सांगू लागले. तिचं लक्षच नव्हतं. ती मान वर करून कड्यावरून पाणी कुठे गळतंय ते बघत होती. मग खाली वाकून ते कुठे जातंय ते बघितलं. म्हणाली, "अगं, पाणी कुठनं येतंय ते बघ आधी. ज्यांनी ही जागा धरली, त्यांनी तेच बघितलं असणार."

त्या दिवसापासून मी भाजे पाण्याच्या बाजूने बघायला शिकले. तुम्हीही तसंच बघावं, एवढ्यासाठी आज हे बोलणं.

आधी वाट सांगते. पुणे-लोणावळा लोकलला कामशेतनंतर आणि लोणावळ्याच्या आधी मळवली स्टेशन लागतं. मुंबईकडून येणाऱ्यांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल धरावी आणि पहिल्याच स्टेशनला उतरावं. मळवलीहून चालत निघालात की द्रुतगती महामार्ग पुलावरून ओलांडायचा आणि भातखाचरांच्या मधून भाजे गावात पोचायचं. रमतगमत पाऊण तास. सकाळची लवकरची गाडी पकडा, कारण रविवारी दहानंतर याच अरुंद रस्त्यावर मोटारींची रांग लागते आणि चालणाऱ्याला पाय ठेवायला जागा उरत नाही.

चालताना समोर विसापूरचा डोंगर असतो. याच्याच पश्चिम अंगाला लेणी आहेत. सह्याद्रीचा हा भाग थरांनी बनलेला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस एकावर एक पसरत गेला आणि थिजला, त्याचा हा बेसाल्ट, आपला काळा कातळ. सगळे थर सारखे नाहीत. काही टणक आणि एकसंध, काही भुसभुशीत. भुसभुशीत थर झिजून मागे सरतो, टणक थराची कड पुढे राहते आणि वरून आलेलं पाणी त्या कडेवरून खाली उडी घेतं. डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो तो यामुळे, आणि धबधबेही यामुळेच. लेणी कोरणाऱ्यांनाही असाच जाड, एकसंध थर हवा होता. छिन्नीखाली ढासळणारा दगड त्यांच्या काय कामाचा? म्हणजे धबधबा आणि लेणी एकाच कातळाची लेकरं आहेत.

पायऱ्या चढून वर गेलात की श्वास लागलेला असतो आणि एकदम समोर चैत्यगृहाची कमान उभी राहते. इथे एकूण २२ लेणी आहेत, त्यातलं हे बारावं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं, आपल्या देशातल्या अगदी जुन्या चैत्यगृहांपैकी एक. समोरचा भाग पूर्ण उघडा, कारण मूळचा दर्शनी भाग लाकडाचा होता आणि तो गेला. लाकूड बसवण्याच्या खाचा तेवढ्या दगडात राहिल्यात. आत २७ अष्टकोनी खांब आहेत, कसलंही नक्षीकाम नसलेले, आणि ते सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. याचं कारण फार गोड आहे. हे कोरणाऱ्या हातांना लाकडी घरं बांधायची सवय होती. लाकडी घराचे खांब छपराचा रेटा सोसायला थोडे तिरके रोवतात. दगडात तशी काहीच गरज नाही, डोंगर आपला आपण उभा आहे. तरी त्यांनी खांब तिरकेच कोरले. वर छताला कमानदार लाकडी कड्या आहेत, आणि त्यातल्या काहींवर ब्राह्मी अक्षरं सापडली आहेत. दोन हजारांहून अधिक पावसाळे खाल्लेल्या लाकडावरची अक्षरं.

खांबांच्या ओळीच्या शेवटी स्तूप आहे. साधा, मूर्ती नसलेला. त्याच्याजवळ पाच मिनिटं गप्प उभं राहा आणि कान द्या. रेडिओवरून बोलते आहे म्हणून हे खास सांगते. थंडीत मी इथे उभी राहिले तेव्हा आत निव्वळ शांतता होती. जुलैत मात्र पावसाचा आवाज कमानीतून आत येतो, कमानदार छतावरून परततो, आणि बाहेरच्या धारेचा, पागोळ्यांचा आणि दूरच्या धबधब्याचा असे तीन वेगळे आवाज एकाच गंभीर घुमण्यात मिसळतात. आत्या बराच वेळ डोळे मिटून उभी होती. मीही काही बोलले नाही.

ही जागा मुळात ज्या ऋतूसाठी होती, तो ऋतू हाच. बौद्ध भिक्खू वर्षभर फिरते असत. पण आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने एका जागी राहायचं, असा नियम पडला, त्याला वर्षावास म्हणतात. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, त्याचं कारण दिलंय. लोकांची तक्रार होती की हे भिक्खू पावसाळ्यातही हिंडतात, हिरवं गवत आणि कोवळी रोपं तुडवतात, बारीक बारीक जीव त्यांच्या पायाखाली मरतात. ती तक्रार ऐकून हा नियम झाला. भाज्याचे हे छोटे छोटे विहार, दगडी ओटे असलेल्या या कोठड्या, भर पावसात बघितल्या की लगेच उमगतात. बाहेर धो धो कोसळतंय आणि आत हातभर जागा कोरडी आहे.

आणि पाऊस संपल्यावर? पुढचे आठ महिने प्यायला पाणी कुठलं? मार्चमध्ये मी एकदा गेले होते, तेव्हा धबधब्याच्या जागी कातळावर नुसता काळा ओघळ होता. पण लेण्यांजवळच्या टाक्यांत पाणी होतं. पावसाळ्यात कड्यावरून येणारं पाणी या कातळात कोरलेल्या टाक्यांत साठतं. आज आपण टाकं म्हणतो, त्याला इथल्या प्राकृत लेखांत पोढी म्हटलंय. एका टाक्यावरचा लेख सातवाहन काळातला आहे. महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने ही पोढी दान दिली, असं त्यात कोरलंय. महारठी म्हणजे मोठा अधिकारी माणूस. त्याने दान दिलं ते पाण्याचं.

माझ्या मनात घर करून बसलेला लेख मात्र दुसराच आहे. तोही इथलाच, अगदी छोटा. एका हालिकाच्या बायकोचं दान, एवढंच त्यात आहे. हालिक म्हणजे नांगर धरणारा, शेतकरी. तिचं नाव बाधा असं वाचलं गेलंय. राजे, सेनापती, व्यापारी यांची नावं दगडावर असतात, त्याचं नवल नाही. पण नांगऱ्याच्या बायकोने चार दाणे, चार नाणी बाजूला ठेवून लेण्याला दान द्यावं, आणि तिचं नाव कोणीतरी कातळात कोरावं, हे वाचून मला प्रत्येक वेळी भरून येतं.

पुढे दक्षिणेकडे चालत राहा. तिथे १४ स्तूपांचा समूह आहे. पाच कातळाच्या छपराखाली आणि नऊ उघड्यावर. हे इथल्या वडीलधाऱ्या भिक्खूंचे स्मारक-स्तूप. धम्मगिरी, संघदिन, अंपिनिक अशी थेरांची नावं त्यांवर कोरलेली सापडली आहेत. पावसात बाहेरच्या नऊ स्तूपांवर हिरवट ओल चढते आणि आतले पाच कोरडे राखाडी राहतात. कृपा करून त्यांच्यावर चढू नका, टेकून फोटोही काढू नका. ती माणसांची स्मारकं आहेत.

त्याच्या पलीकडच्या विहारात दाराच्या दोन्ही अंगांना प्रसिद्ध शिल्पं आहेत. एकीकडे चार घोड्यांचा रथ, दुसरीकडे झाडं उपटत निघालेला हत्ती. सूर्य आणि इंद्र असं बहुतेक जण ओळखतात, अभ्यासकांत त्याबद्दल मतभेद आहेत. नाचणारी बाई आणि तिच्या साथीला वाद्य वाजवणारीही इथेच आहे. अंधारून आलेलं असलं तर डोळे सरावेपर्यंत थांबा, आकृत्या हळूहळू पुढे येतात.

या टोकापलीकडे वाट धबधब्याकडे जाते. गावाजवळचा मोठा धबधबा बघायला झुंबड असते, हा त्याहून लहान. कड्यावरून पडतो आणि खाली छोटा डोह करतो. पाऊस बेताचा असला तरच इथवर जा. वाट थोडीच आहे, पण कातळ गुळगुळीत आणि शेवाळलेला. पाय खरबरीत जागी टाकायचा, हिरव्या चकाकणाऱ्या जागी नाही. कातळावर घट्ट पकड घेणारे बूट घाला, चपला नकोत.

आता एक गोष्ट मी जीव तोडून सांगते. धबधब्याचं पाणी तुमच्या डोक्यावरच्या पावसाने वाढत नाही, वर पठारावर पडलेल्या पावसाने वाढतं. विसापूरचा माथा रुंद आहे. तिथे ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि खाली ऊन असलं, तरी थोड्याच वेळात लोंढा येतो. पाणी गढूळ झालं, त्यात पाला-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज भरीव झाला, की त्याच क्षणी बाहेर पडायचं. बॅग राहिली तर राहू दे. २०२४ मध्ये ३० जूनला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एकमेकांना धरून ते प्रवाहाच्या मधोमध उभे होते. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने पावसाळी ठिकाणांवर निर्बंध घातले. निघण्यापूर्वी त्या दिवशी काय बंद आहे ते विचारून घ्या, आणि बंद असेल तर मुकाट्याने दुसरा दिवस धरा. लहान मुलं बरोबर असतील तर डोहात उतरूच नका. काठावर बसून पाय भिजवले तरी मुलं खूश होतात, मी पाहिलंय.

विसापूर आणि लोहगड समोर दिसतात म्हणून मोह होतो. तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. घाईत चार गोष्टी बघण्यापेक्षा टाक्याच्या कडेला बसून पाणी कुठल्या खाचेतून आत येतंय, हे शोधण्यात अर्धा तास घालवा.

उतरताना खाचरांत बायका वाकून लावणी करत असतील. डोक्यावर प्लॅस्टिकचं खोळपं, पोटरीपर्यंत चिखल. फोटोसाठी खाचरात पाय घालू नका, बांधावरूनही रांगेने चाला. रोप तुडवलं तर त्यांचं वर्षाचं अन्न जातं. भिक्खूंबद्दलची ती जुनी तक्रार आठवते ना?

त्या जुलैत परत येताना मी आत्याला हालिकाच्या बायकोबद्दल सांगितलं. ती रस्त्यात थांबली. डोंगराकडे वळून बघितलं, मग शेजारच्या खाचराकडे. आणि मला विचारलं, "त्या साली पीक बरं आलं असेल का गं तिचं?"

मला उत्तर देता आलं नाही. मळवलीला पोचलो तेव्हा लोकलला अजून चाळीस मिनिटं होती, कारण दुपारच्या गाड्या विरळ असतात. वेळापत्रक आधी बघून ठेवा. फलाटावर बसून आम्ही ओल्या पदराने पाय पुसले आणि डब्यातली भाकरी खाल्ली.

नमस्कार.