शून्य गुन्ह्यांचं बेट

(दृश्य : आकाशातून दिसणारी बेटं. पांढरी वाळू, हिरवट पाणी, दगडी बांधांमध्ये फुलांची चिंचोळी शेतं.)

२०१६ साली इंग्लंडच्या डेव्हन अँड कॉर्नवॉल पोलिसांनी एका शिपायाच्या जागेसाठी जाहिरात काढली. पोलिस भरतीची जाहिरात एरवी कोण कौतुकाने वाचतं? ही मात्र देशोदेशीच्या बातम्यांत झळकली. जागा होती सिली बेटांवरची. जाहिरातीचा सूर असा, की पोलिसखात्यात इतकी हेवा वाटावी अशी नेमणूक ब्रिटनमध्येच काय, जगातही दुसरी नसेल.

इंग्लंडचं नैर्ऋत्य टोक म्हणजे लँड्स एंड. तिथून पुढे अटलांटिकात साधारण ४५ किलोमीटरवर ही बेटं आहेत. वस्ती पाच बेटांवर. २०११ च्या जनगणनेत सगळी मिळून सुमारे २,२०० माणसं भरली. आपल्याकडे एखाद्या बऱ्यापैकी हाउसिंग सोसायटीत एवढी माणसं राहतात. सेंट मेरीज हे त्यातलं मोठं बेट, आणि ह्यू टाउन हे तिथलं गाव. पोलिस चौकी तिथेच.

(दृश्य : रस्त्याकडेची लाकडी मांडणी. अंडी, भाजी, फुलांचे कंद. शेजारी पैसे टाकायचा डबा.)

रस्त्याच्या कडेला अशा मांडण्या दिसतात. माल आहे, भाव लिहिलेला आहे, डबा आहे, विकणारा नाही. शेतकरी आपल्या कामाला गेलेला असतो. तुम्ही पैसे टाकायचे, हवं ते उचलायचं.

समजा डबाच पळवला, तर पळणार कुठे? मुख्य भूमीवर जायला एक तर पेन्झान्स बंदराची बोट, नाहीतर विमान किंवा हेलिकॉप्टर. तिथे तिकीट काढावं लागतं, रांगेत उभं राहावं लागतं, आणि रांगेतले निम्मे लोक तुम्हाला नावाने ओळखतात. म्हणून इथल्या पोलिसांच्या वाट्याला येतात ते पबमधून जरा जास्त घेऊन निघालेले गडी. मे महिन्याच्या सुरुवातीला गिग बोटींच्या जागतिक शर्यती भरतात. सहा वल्ह्यांच्या लाकडी होड्या, हजारो पाहुणे, आणि संध्याकाळी पब ओसंडून वाहतात. त्या दोन-चार दिवसांत चौकीला उसंत नसते.

आता या बेटांवर गुन्ह्यांचं प्रमाण किती, असं विचारलं तर? प्रश्न साधा वाटतो, पण इथेच गडबड सुरू होते.

गुन्ह्यांचा दर काढायची रीत ठरलेली आहे. वर्षभरात नोंदलेले गुन्हे, भागिले तिथे राहणारे लोक. पण सिलीला दरवर्षी लाखभर पर्यटक येतात. त्यांच्यात झालेली मारामारी वरच्या आकड्यात धरली जाते, आणि ते स्वतः खालच्या आकड्यात मोजलेच जात नाहीत. लंडनमध्ये, सिटी ऑफ लंडन या जुन्या व्यापारी पेठेत, हीच अडचण टोकाला जाते. रात्री राहायला काही हजार माणसं, दिवसा कामाला येणारी लाखो. ब्रिटनचं सांख्यिकी कार्यालय तर या पेठेचा दर काढायच्या फंदातच पडत नाही, आणि ते शहाणपणाचं आहे. घर घेण्याआधी गुन्ह्यांच्या नकाशावरचे लाल-हिरवे रंग बघून निर्णय घेणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

(दृश्य : स्कॉटलंडचा पश्चिम किनारा. पाऊस. धक्क्याला लागलेली मासेमारी बोट.)

आकडा किती फसवू शकतो, ते पाहायला आता उत्तरेकडे जाऊ. स्कॉटलंडच्या इनर हेब्रिडीज बेटांमधलं कॅना. सातेक किलोमीटर लांबीचं बेट. गेलिक लोकसाहित्याचे अभ्यासक जॉन लॉर्न कॅम्पबेल हे त्याचे मालक. १९८१ मध्ये त्यांनी ते नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. २०१५ साली इथे राहत होती पंचवीसेक माणसं. पोलिस ठाणं नाही.

दुकान मात्र आहे, गावाने मिळून चालवलेलं. रात्रीही त्याला कुलूप नसायचं. कारण धक्क्याला लागलेल्या बोटीवरच्या खलाशांना अपरात्री काही लागलं तर? त्यांनी यावं, वाय-फाय वापरावं, हवी ती वस्तू घ्यावी, पैसे ठेवून जावं. असा शिरस्ता.

त्या वर्षीच्या जून महिन्यात, एका शुक्रवारी रात्री, कुणीतरी फळ्या साफ केल्या. चॉकलेटं, कॉफी, बिस्किटं, बॅटऱ्या, अंघोळीचं सामान. आणि सहा लोकरी टोप्या, दुकान सांभाळणाऱ्या बाईंनी स्वतःच्या हाताने विणलेल्या. सगळा माल दोनेकशे पौंडांचा. बातम्यांमध्ये आलं की बेटावर याआधीची चोरी झाली होती १९६० च्या दशकात. तेव्हा चर्चमधली कोरीव लाकडी थाळी गेली होती. मधल्या पन्नासेक वर्षांत काही नाही. टोप्यांची बातमी जगभर छापून आली आणि बेटावर चर्चा सुरू झाली ती कॅमेरा लावायचा का, याची.

आता हिशेब करून पाहू. पंचवीस माणसं, एक चोरी. म्हणजे दर हजारी चाळीस गुन्हे. त्या वर्षी, २०१५-१६ मध्ये, सगळ्या स्कॉटलंडचा दर होता दर हजारी ४६ च्या आसपास. ग्लासगो, एडिनबरा, सगळं धरून. म्हणजे सहा टोप्या आणि थोड्या खाऊच्या जोरावर कॅना एका रात्रीत देशाच्या सरासरीला भिडलं. पुढच्या वर्षी चोरी झाली नाही तर पुन्हा शून्य. गणितात चूक काढता येत नाही, पण त्यातून बेटाबद्दल काय कळलं?

मराठी माणसाला इथे शनी शिंगणापूर आठवणार. तिथल्या घरांना दारं नाहीत, चोरी करणाऱ्याला शनिदेव बघून घेईल अशी श्रद्धा. कॅनावर बघून घेणारे शेजारीच. रविवारी चर्चमध्ये, सोमवारी बोटीच्या धक्क्यावर, त्याच पंचवीस चेहऱ्यांसमोर उभं राहायचं असतं. टोप्यांवर हात मारणारा म्हणूनच बेटाबाहेरचा असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

हे गृहीत धरणं जरा लक्षात ठेवा.

(दृश्य : रिकामा गावरस्ता. बंद खिडक्या. संगीत थांबतं.)

टोपी गेली की बोंब मारता येते. दुकान सगळ्यांचं, चोर परका. पण मारणारा नवरा असेल तर? अंगाशी येणारा माणूस तोच असेल, ज्याच्या बोटीतून तुमच्या घरचा किराणा येतो?

इंग्लंडमध्ये पोलिसांची नोंद हा प्रकारच पुरता भरवशाचा नव्हता. २०१४ मध्ये तिथल्या पोलिस निरीक्षक संस्थेने तपासणी केली. लोकांनी पोलिसांना कळवलेल्या गुन्ह्यांपैकी १९ टक्के नोंदलेच गेले नव्हते. वर्षाला आठ लाखांहून जास्त. लैंगिक गुन्ह्यांत हे प्रमाण २६ टक्के. आणि हे कळवलेल्या गुन्ह्यांचं. न कळवलेल्यांचा अंदाज यावा म्हणून १९८० च्या दशकापासून घरोघरी जाऊन स्वतंत्र पाहणी होते. देशाचा अंदाज घ्यायला ती उत्तम आहे. पण हजारो घरांच्या त्या नमुन्यात दोन हजार वस्तीच्या बेटाच्या वाट्याला घरं येऊन येऊन किती येणार?

खेड्यापाड्यांतल्या गुन्ह्यांवर काम करणाऱ्या नॅशनल रूरल क्राइम नेटवर्कने २०१९ मध्ये घरगुती छळाबद्दल अहवाल दिला. दुर्गम भागात हा छळ शहरी भागापेक्षा सरासरी २५ टक्के जास्त काळ चालतो, आणि तो पोलिसांत जाण्याची शक्यता शहराच्या निम्मी असते. बस दिवसातून एखादी. डॉक्टरकडे गेलं तर बाहेर बाकावर चुलत सासू बसलेली. पोलिसांची गाडी दारात थांबली की संध्याकाळपर्यंत गावभर. ब्रिटनमध्ये नाव न सांगता माहिती द्यायला फोनसेवा आहे, १९८८ पासून. पण चाळीस माणसांच्या गावात निनावी फोन कुणी केला, हे ओळखायला वेळ लागत नाही.

पोलिसांनाही याची कल्पना असते. २०११ पासून इंग्लंड-वेल्सचे गुन्हे रस्त्यानिशी नकाशावर दिसू लागले, पण टिंब नेमक्या घरावर ठेवत नाहीत. ते जवळच्या ठरावीक बिंदूवर सरकवतात, आणि त्या बिंदूच्या कक्षेत किमान आठ पत्ते असावे लागतात, नाहीतर एकही नसावा. कारण उघड आहे. दोन घरांच्या गल्लीत टिंब टाकलं तर कोण मार खातंय ते सगळ्यांना कळणार.

(दृश्य : पॅसिफिक महासागर. क्षितिजावर एकच काळा खडक. जहाज लागेल असा धक्का नाही, फुटणाऱ्या लाटा.)

पिटकेर्न. न्यूझीलंडपासून पाच हजारांहून जास्त किलोमीटर. १७८९ मध्ये 'बाउंटी' या ब्रिटिश जहाजावर बंड झालं. त्यातले काही बंडखोर, त्यांच्यासोबत ताहितीच्या बायका आणि काही पुरुष १७९० मध्ये इथे उतरले आणि त्यांनी जहाज जाळून टाकलं. आजची वस्ती बहुतेक त्यांच्याच वंशातली. बेट ब्रिटनचं, आणि गव्हर्नर म्हणजे न्यूझीलंडमधला ब्रिटिश उच्चायुक्त, वेलिंग्टनला बसणारा. बेटावर पोलिस होता. बेटावरलाच एक माणूस.

बाहेरच्या जगात पिटकेर्नची ख्याती काय? भाविक, साधी, निष्पाप माणसं. पत्रं लिहून इथली टपाल तिकिटं मागवणारे शौकीन जगभर पसरलेले. गुन्ह्यांची नोंद जवळपास नाहीच.

१९९९ मध्ये इंग्लंडच्या केंट पोलिसातली एक अधिकारी तात्पुरत्या नेमणुकीवर इथे होती. बाहेरची. तिच्याकडे एका पंधरा वर्षांच्या मुलीवरच्या अत्याचाराची गोष्ट पोहोचली. तपास सुरू झाला आणि एका मुलीपुरता राहिला नाही. 'ऑपरेशन युनिक' या नावाने पोलिस न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन असे फिरले. बेटावर लहानाच्या मोठ्या झालेल्या, आता दूर देशी संसार करणाऱ्या बायकांना भेटले. एकीमागून एक बायका बोलत गेल्या. तक्रारी काही दशकं मागे जात होत्या.

२००४ च्या सप्टेंबरअखेरीस ॲडम्सटाउनला, म्हणजे बेटावरच्या गावात, खटला उभा राहिला. बेटाची लोकसंख्या ४७. बेटावरच्या सात पुरुषांवर आरोप. त्यांत बेटाचा तेव्हाचा महापौरही होता. न्यायाधीश, वकील, पत्रकार समुद्रमार्गे आले. साक्षी देणाऱ्या बायका ऑकलंडहून उपग्रहाच्या पडद्यावर बोलल्या. खटल्याआधी बेटकऱ्यांच्या बंदुका जमा करून घेतल्या होत्या. आणि दोषी ठरले तर ठेवायला तुरुंग नव्हता, म्हणून तोही बांधून घेतला. बांधणाऱ्या हातांत आरोपींचे हात होते.

सहा जण दोषी ठरले, एक सुटला. चौघांना कैद, दोघांना समाजसेवेची शिक्षा.

शिक्षेइतकंच बोलकं होतं बचावाच्या बाजूचं म्हणणं. कोर्टातला मुद्दा असा : बाउंटी जाळली तेव्हाच आमच्या पूर्वजांनी ब्रिटनशी नातं तोडलं, तुमचा कायदा आम्हाला लागूच नाही. हा मुद्दा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे अशा बेटांच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेला आणि २००६ मध्ये फेटाळला गेला. कोर्टाबाहेरचा मुद्दा मात्र जास्त वजनदार होता. पिटकेर्नला जहाज धक्क्याला लागू शकत नाही. ते बाहेर थांबतं, आणि बेटावरची लांब होडी लाटा कापत जाऊन माल उतरवून आणते. होडी चालवायला दणकट गडी लागतात. हेच गडी तुरुंगात टाकलेत तर होडी कोण चालवणार? बेट ओस पडेल, मग कसला न्याय? कोवळ्या वयातले शरीरसंबंध ही आमची जुनी रीतच आहे, असं सांगत काही बायकाही आरोपींच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

म्हणजे तोंड उघडणाऱ्या मुलीवर भार केवढा, बघा. तिने नाव घेतलं तर नातेवाईक आत जाणार, होडी अडणार, आणि बेट रिकामं झालं तर त्याचंही खापर तिच्याच माथी. अशा ठिकाणी वर्षानुवर्षं शून्य गुन्हे नोंदले जात होते. त्या शून्याला शांतता म्हणणारे सगळे दूर होते, गव्हर्नरसाहेबांसकट.

प्रकरण तिथेच मिटलं नाही. २०१६ मध्ये आणखी एका माजी महापौराला बालकांच्या अश्लील चित्रांच्या प्रकरणी शिक्षा झाली. बेटावर सोळा वर्षांखालचं मूल न्यायचं असेल तर आधी अर्ज करून परवानगी घ्यावी, असा नियम आला.

(दृश्य : लांब होडीतून सामान उतरतंय. एक गणवेशधारी व्यक्ती चढण चढून जाताना, पाठमोरी.)

आणखी एक बदल झाला. हे प्रकरण बाहेर आल्यावर पिटकेर्नवर पोलिस बाहेरून पाठवायला सुरुवात झाली, ठरावीक मुदतीसाठी. हा अधिकारी बेटावर कुणाचा मामा, चुलता किंवा मेहुणा लागत नाही. त्याच्याकडे तक्रार घेऊन जाणाऱ्या मुलीला त्याच्या घरच्यांशी गाठ पडायची भीती नसते, आणि मुदत संपली की तो परत जातो.