वहिनींकडची किल्ली

(जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिनी, १० सप्टेंबरला, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. समोर बरेच चेहरे ओळखीचे आहेत, त्यामुळे बोलायला थोडं अवघड जातंय. पण ज्यांनी मला त्या हिवाळ्यात पाहिलं, त्यांच्यापुढंच हे बोललं पाहिजे.

२०१७ साल आठवा. पऱ्हाटी कमरेच्या वर गेलेली, बोंडं भरगच्च. बांधावरून बघणारा म्हणायचा, यंदा चांगलं पिकलं. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि कवडी झालेला कापूस. मी एका तासाभरात ओळीच्या ओळी फोडत गेलो आणि अख्ख्या वावराचा निकाल कळला.

कर्ज होतंच. पण कर्जामुळे तसं मनात आलं का, असं कुणी विचारलं तर मी नुसतं हो म्हणणार नाही. कर्ज आधीही होतं. त्या वर्षी झोप उडाली. रात्री दोनला डोळे उघडायचे ते उजाडेपर्यंत मिटायचे नाहीत. जेवणाला चव नव्हती. मुलगी शाळेतलं काही सांगत असली की तिचे ओठ हलताना दिसायचे, शब्द माझ्यापर्यंत पोचायचे नाहीत. आणि एक विचार घट्ट बसला होता, की मी नसलो तर घरावरचं ओझं उतरेल. वहीतल्या हिशेबाइतका तो खरा वाटायचा. तो आजार बोलत होता, हे कळायला मला पुढं चार महिने लागले.

एक दिवस मी कुणाचं किती देणं आहे ते सगळं नीट लिहून काढलं आणि हातातलं घड्याळ पुतण्याला देऊन टाकलं. मन एकदम शांत झालं होतं. घरच्यांना वाटलं, सावरला. वहिनींना तसं वाटलं नाही. संध्याकाळी त्या ओसरीवर सूप घेऊन बसल्या. डाळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, जीव द्यायचं मनात येते का तुमच्या?"

मी बराच वेळ गप्प होतो. मग म्हणालो, "येते."

त्या रडल्या नाहीत. लेकरांची शपथ घातली नाही, चार गोष्टी सुनावल्या नाहीत. "किती दिवसांपासून?" एवढंच विचारलं. फवारणीच्या औषधांच्या पेटीची किल्ली त्यांनी दुपारीच खुंटीवरून काढून पदराला बांधली होती. रात्री दादानं माझ्या खाटेला खाट लावली. दुसऱ्या दिवशी दोघं मला मानसोपचाराच्या ओपीडीत घेऊन गेले. गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागले. तेवढे दिवस त्या दोघांनी मला एकटं सोडलं नाही.

असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरतो, अशी भीती लोकांना वाटते. तसं होत नाही, अभ्यासही हेच सांगतात. मला तर छातीवरचा दगड कुणी उचलल्यासारखं वाटलं. आणि ती वेळ टळते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. टोकाची उबळ अनेकदा थोडाच वेळ टिकते. तेवढ्यात हाताशी काही नसलं आणि शेजारी माणूस असलं, तर जीव वाचतो.

श्रीलंकेत १९९५च्या सुमारास दर लाखामागे ४७ माणसं आत्महत्येनं जात होती. त्यांनी अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली. पुढच्या वीस वर्षांत ते प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. शेती काही बुडाली नाही. तमिळनाडूत मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी दोन गावांत फवारणीची औषधं ठेवायला सामायिक कोठार करून पाहिलं, प्रत्येक शेतकऱ्याला कुलपाची वेगळी पेटी दिली. गावकऱ्यांनी ते वापरलं. आपल्या ग्रामपंचायतीला हे जमणार नाही का?

आपल्या शेजारी अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं. आधी नैराश्य असलेल्या १०० जणांपैकी ४ जण उपचारांपर्यंत पोचत होते, नंतर २७ पोचले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. गावाकडचा माणूस मनाचं बोलत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे बघावेत.

२०२२ साली देशात १,७०,९२४ माणसं अशी गेली. त्यातली २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातली, सगळ्या राज्यांत जास्त. अशाच एका आकड्यात मी २०१७ सालीच जमा झालो असतो, हे माझ्या मनातून जात नाही.

पोलीस केस होईल म्हणून कितीतरी घरं दवाखान्यात खरं सांगत नाहीत. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं, उपचार करणं हे सरकारचं कर्तव्य आहे. डॉक्टरांपुढं बिनधास्त बोला. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर रात्री दोनलाही लागतो. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आत्ता या मांडवात कुणाला आतून तसं होत असेल तर मी कार्यक्रमानंतर इथंच, या खांबाजवळ बसणार आहे. घाई नाही.

आमच्या पेटीला आजही कुलूप आहे. फवारणीच्या दिवशी मी वहिनींकडं किल्ली मागतो. त्या देतात, आणि संध्याकाळी हात पुढं करून परत घेतात.