गाडी विकली, चलान मात्र नावावरच

नमस्कार श्रोतेहो. चौकात पोलिसानं अडवलं, दोन शब्द सुनावले आणि 'जा, पुन्हा असं करू नका' म्हणून सोडलं, तर त्याची सहसा कुठे नोंद राहत नाही. चलान झालं की राहते. कॅमेऱ्यातून झालेलं ई-चलान असेल, तर ती नोंद गाडीच्या नंबरावर होते. कॅमेऱ्याला नंबर दिसतो, मालक नाही.

आमच्या शेजारी एक काका आहेत, एस.टी.तून निवृत्त झालेले. त्यांनी त्यांची जुनी स्कूटर ओळखीतल्या एका पोराला विकली. पैसे मिळाले, गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, चहा झाला. ते फॉर्म त्या पोराच्या डिकीतच राहिले. पोरगं स्कूटर घेऊन पुण्याला गेलं आणि इकडे काकांच्या मोबाइलवर मेसेज सुरू झाले. विनाहेल्मेट. मग सिग्नल तोडला. मग ट्रिपल सीट! काकू म्हणाल्या, "तुम्ही दुपारी झोपता म्हणता, मग जाता कुठं?"

काका तडक वाहतूक शाखेत गेले. तिथल्या हवालदारानं चलानाचा फोटो उघडला. स्कूटर काकांचीच, नंबरही तोच. चालवणारा मात्र भरघोस केसांचा, वाऱ्यावर झुलपं उडवत चाललेला. काकांनी शांतपणे डोक्यावरची टोपी काढली. तिथं चकचकीत टक्कल! "साहेब, हा मी असतो ना, तर केस परत आल्याच्या आनंदात दुप्पट दंड भरला असता." अख्खं ऑफिस हसलं. हवालदारही हसला. हसून झाल्यावर म्हणाला, "काका, पटलं. पण आरसी बुकावर नाव तुमचंच आहे."

शेवटी ते पोरगं सापडलं, काकांनी त्याला फैलावर घेतलं, दंड भरून घेतला आणि गाडी एकदाची त्याच्या नावावर झाली.

म्हणून सांगतो, गाडी विकली की १४ दिवसांत आरटीओला कळवा. विकणाऱ्याला १४ दिवस, घेणाऱ्याला ३०. सुप्रीम कोर्टानंही २०१८ मध्ये एका अपघाताच्या खटल्यात हेच धरलं, की नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक. १४ दिवस, विसरू नका.

नंबरावरून आठवलं. ४१४१ चं 'दादा' करून मिरवणाऱ्या पाट्या मला अजिबात आवडत नाहीत. एवढंच दादा असाल तर नंबर वाचता येऊ द्या की!

असो. चलान भरलं की प्रकरण तिथंच मिटतं, गुन्हेगार असल्याचा शिक्का बसत नाही. पण मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एक मेख आहे. भरलेलं चलानही आधीचा गुन्हा म्हणून धरलं जातं, म्हणजे तीच चूक पुन्हा केली तर ती दुसरी चूक ठरते. दंड भरला, पण मोजणी राहिली. हेल्मेट नसेल तर कायद्यात दंडासोबत तीन महिने लायसन्स अपात्र ठरवण्याची तरतूद आहे, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. आणि दारू पिऊन चालवणं चलान भरून मिटत नाही, ते थेट कोर्टात जातं. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीला जाल तेव्हा असला खटला लपत नाही.

थकलेली चलानं लोकअदालतीतही मिटवता येतात. आणि हो, 'तुमचं चलान आहे, ही फाइल उघडा' असा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, तर त्या फाइलला हात लावू नका, ती चोरांची असते. वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर जाऊन गाडीचा नंबर स्वतः टाका. विकलेल्या गाडीचाही टाकून बघा. नमस्कार.